मैदान आणि मंडप

क्रीडांगणावर जातिभेद उरत नाही, असे आपण मोठ्या समाधानाने म्हणत असतो. हे विधान कितपत खरे आहे, हे पाहावयाचे असेल तर बाळू पालवणकर यांच्या चरित्राकडे वळावे.

1876 साली एका चांभार कुटुंबात जन्मलेले बाळू पुण्यास वाढले. तेथील युरोपियनांच्या क्लबात दरमहा चार रुपये वेतनावर मैदानाची निगा राखण्याची चाकरी त्यांनी केली. ग्रेग नावाचा नामांकित इंग्रज फलंदाज त्यांच्याकडून तासन् तास चेंडू टाकवून घेई. त्यांची डावखुरी, मंदगती गोलंदाजी तयार झाली ती अशा रीतीने. बॅट मात्र त्यांच्या हाती कोणी दिली नाही. फटके मारणे हा धन्याचा विलास आणि चेंडू टाकणे हे चाकराचे काम, अशी ती वाटणी होती.

पुढे पुण्यातील हिंदूंना या युरोपियनांवर मात करावयाची होती, आणि बाळूंवाचून ते साधण्यासारखे नव्हते. सवर्णांनी त्यांना संघात घेतले खरे. परंतु ज्या चेंडूस सर्वांचे हात लागत, तो टाकणाऱ्यास चहा मात्र मंडपाबाहेर, मातीच्या भांड्यात मिळे. विटाळ मैदानावर नव्हता, मंडपात होता! विजयाची गरज विटाळास जेथवर ढकलू शकली, तेथवरच तो मागे सरला.

मुंबईस आल्यावर त्यांची कीर्ती वाढली. 1906 साली हिंदूंनी युरोपियनांचा 109 धावांनी पराभव केला, त्या संघात बाळूंबरोबर त्यांचे बंधू शिवराम हेही होते. 1911 साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ विलायतेस गेला; त्या दौऱ्यात बाळूंनी शंभरावर गडी बाद केले. इतके होऊनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. गोलंदाज म्हणून त्यांचा उपयोग होता. परंतु त्यांची आज्ञा मानणे ही गोष्ट निराळी होती. अखेर 1923 साली तो मान त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांस लाभला. ज्या कुटुंबास मंडपात चहा मिळत नव्हता, त्यातील पुरुषाच्या शब्दावर सवर्ण खेळाडू जागा बदलू लागले, ही लहान गोष्ट नव्हे.

तथापि या कथेने आपण फार सुखावून जाऊ नये. बाळू आत आले ते असामान्य होते म्हणून. असामान्य मनुष्यास मिळालेला प्रवेश हा त्याच्या गुणांचा विजय होय; समाजाचा विजय म्हणावयाचा तर सामान्य गुणांच्या मुलासही खेळावयास मिळाले पाहिजे. प्रस्तुत लेखक अनेक वर्षे महाविद्यालयीन क्रीडासमितीवर होता. निवडीस येणाऱ्याने बॅट स्वतःची आणावी, असा एक साधा नियम आम्ही केला होता. त्यात जातीचा उल्लेख नव्हता, कोणाविषयी द्वेषही नव्हता. तरी त्या नियमाने किती मुले दारातूनच परत गेली असतील, हा विचार बाळूंचे चरित्र वाचीपर्यंत माझ्या मनास शिवला नाही. साहेबांनी बॅट दिली नाही, म्हणून आपण त्यांस दोष देतो. आम्ही तरी ती कोठे दिली होती?