बुणग्यांची गणती : ग्वाल्हेरजवळील पटकी, 1817

5 नोव्हेंबर 1817 हा दिवस मराठी वाचकास खडकीच्या लढाईमुळे परिचित आहे. त्याच दिवशी दौलतराव शिंदे यांनी ग्वाल्हेरच्या तहान्वये पेंढाऱ्यांविरुद्ध इंग्रजांस साहाय्य करण्याचे मान्य केले. त्यांना तसे करणे भाग पडले, कारण गव्हर्नर-जनरल हेस्टिंग्ज यांची फौज बुंदेलखंडातून त्यांच्या वाटेवर येऊन ठाकली होती. या फौजेत सुमारे 11,000 लढवय्ये होते. त्यांच्यामागे भोई, भिस्ती, मोतद्दार, गवत कापणारे व दुकानदार, त्यांच्या बायकामुलांसह, असे सुमारे 80,000 बुणगे होते. (लष्कर हे ग्वाल्हेरचे उपनगर मुळात शिंद्यांची अशीच स्थिरावलेली छावणी होय.)

त्या वर्षी ऑगस्टमध्ये बंगालात जेसोर येथे उद्भवलेली पटकी नोव्हेंबरात या छावणीत शिरली. प्रथम काही दिवस ती बुणग्यांतच रेंगाळली. मग एकाएकी सर्वत्र भडकली. आपणही मरणार असे वाटून हेस्टिंग्ज यांनी आपले शव तंबूतच गुप्तपणे पुरावे, शत्रूस वार्ता लागू नये, अशी सूचना देऊन ठेवली होती, असे सांगतात. राज्यकर्त्याची पहिली चिंता कोणती होती, हे त्यावरून कळते. तथापि त्यांनी एक गोष्ट योग्य केली. 13 तारखेस तळ हलविला आणि 19 च्या सुमारास फौज बेटवेकाठी एरच येथे पोहोचली. तेथे जमीन कोरडी व पाणी निर्मळ होते. साथ ओसरली. दोष हवेचा व भूमीचा असे तेव्हाचे वैद्य मानीत. पाण्याचे महत्त्व 1854 मध्ये लंडनला जॉन स्नो यांनी दाखविले आणि रॉबर्ट कॉख यांनी 1884 मध्ये कलकत्त्यास जंतूचा शोध पक्का केला. कारण चुकीचे असूनही उपाय लागू पडला, आणि पटकी येताच पलटणी उघड्या माळावर नेण्याची पद्धत इंग्रजी सैन्यात पुढे रूढ झाली.

परंतु वाटेवरच्यांचे काय? शेकडो बुणगे भयाने पळाले आणि रस्त्यांवर, शेतांत मरून पडले. 1820 मध्ये कलकत्त्यास प्रसिद्ध झालेल्या जेम्स जेमसन यांच्या अहवालात मृत लढवय्यांची संख्या 764 अशी नेमकी दिली आहे. बुणग्यांविषयी मात्र अदमास : सुमारे 8,000, म्हणजे एकूणांच्या दशांश. शिपायाचे नाव हजेरीपटावर होते, भिस्त्याचे नव्हते. दाविदाच्या शिरगणतीतही तलवार चालविणारेच मोजले गेले होते, आणि मरी मात्र साऱ्या लोकांवर आली, हे 2 शमुवेल 24 च्या अभ्यासकास येथे आठवल्याखेरीज राहत नाही.

ऐंशी वर्षांनी सरकारचा पवित्रा अगदी बदलला. प्लेगनिमित्त 4 फेब्रुवारी 1897 रोजी साथरोगांचा कायदा झाला आणि ज्यांना पूर्वी मोजलेही नव्हते, त्यांच्या माजघरापर्यंत पुण्यात सैनिक पोहोचले. 22 जूनला रँडवर गोळी झाडली गेली, ती कथा सर्वश्रुत आहे.

तोच कायदा 2020 च्या मार्चमध्ये पुन्हा उपयोगात आला. मुंबईहून निघालेले मजूर आग्रा रस्त्याने, ग्वाल्हेरवरून, पायी उत्तरेकडे गेले. वाटेत किती मरण पावले, असा प्रश्न लोकसभेत विचारला गेला. 14 सप्टेंबर 2020 रोजी श्रम मंत्रालयाने उत्तर दिले : अशी आकडेवारी ठेवलेली नाही.