कर्त्या मुलाचे रूपांतर

फ्रान्झ काफ्काच्या 'रूपांतर' या दीर्घकथेचे नाव निघाले, की आपल्याकडच्या वर्गांत 'परात्मता' हा शब्द लगेच फळ्यावर येतो. त्यामागून 'आधुनिक माणसाचे एकाकीपण', 'जगण्याची असंगतता' वगैरे मंडळी येतातच. त्यांत चूक काही नाही. पण या भारदस्त शब्दांच्या गर्दीत कथेतला जमाखर्च हरवतो, आणि आमच्या मते ही कथा जमाखर्चाचीच आहे.

ग्रेगॉर साम्सा हा फिरता विक्रेता. एका सकाळी तो किडा होऊन जागा होतो आणि आपल्या देहाचे काय झाले याहून पाच वाजताची गाडी चुकली याचीच त्याला अधिक चिंता लागते. बापाचा धंदा बुडाला आहे, आईबाप त्याच्याच मालकाचे देणे लागतात, आणि ते फिटायला अजून पाचसहा वर्षे लागतील असा त्याचा हिशेब आहे. ते फिटले की नोकरीला रामराम. बहिणीला संगीतशाळेत घालण्याचा बेतही त्याने मनात धरून ठेवला आहे. 'आईबापांचे पांग फेडणे' हा आपल्याकडचा वाक्प्रचार येथे शब्दशः खरा ठरतो. जर्मन भाषेत 'शुल्ड' या एकाच शब्दाचे कर्ज आणि अपराध असे दोन्ही अर्थ होतात. मराठीत 'ऋण' म्हटले की कर्ज आणि कर्तव्य एकत्र येतात. पितृऋण तर जन्मासोबतच येते. अपराध मात्र त्या शब्दात नाही. ग्रेगॉर जर्मन शब्दात जगतो: देणे थकले, म्हणून तो अपराधी.

हे काफ्काने हवेतून आणलेले नाही. १९०८ पासून तो प्रागच्या कामगार अपघात विमा संस्थेत नोकरीला होता. १९११ मध्ये त्याच्या मेहुण्याने ॲस्बेस्टॉसचा कारखाना काढला. त्यात काफ्काची भागी होती आणि पैसा बापाचा. ऑक्टोबर १९१२ मध्ये कारखान्यावर देखरेख करावी म्हणून घरच्यांनी त्याच्यामागे लकडा लावला. ओट्ला ही लाडकी बहीणही त्यांच्या बाजूला गेली. तेव्हा त्याने मॅक्स ब्रोडला लिहिलेल्या पत्रात आत्महत्येचा विचार बोलून दाखवला आणि ब्रोडने घाबरून, काफ्काला न सांगता, त्याच्या आईला कळवले. त्यानंतर महिन्याभराने, १७ नोव्हेंबरला, काफ्का 'रूपांतर' लिहायला बसला आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कथा पुरी झाली. पुढे १९१९ मध्ये बापाला लिहिलेल्या आणि कधीच न पोचलेल्या प्रदीर्घ पत्रात तो आठवण देतो, की आपल्या एका नट मित्राला बापाने किड्याची उपमा दिली होती.

कथेतला सर्वांत क्रूर प्रसंग कोणता? बाप सफरचंद फेकून मारतो तो, असे बहुतेक जण सांगतील. आम्हांला मात्र त्याआधीचा प्रसंग अधिक बोचतो. धंदा बुडाला तरी बापाने थोडी रक्कम बाजूला राखली होती, हे ग्रेगॉर दाराआडून ऐकतो. त्या पैशांतून कर्ज लवकर फिटले असते, तो लवकर सुटला असता. पण तो रागावत नाही. बापाने केले ते बरेच केले, अशी मान डोलावतो. कर्तेपण इतके हाडीमाशी खिळलेले असते, की ते देह बदलला तरी जात नाही. मग घरातले तिघेही कामाला लागतात. ज्यांना पोसायचे म्हणून तो झिजला, त्यांना कमावता येत होतेच!

मराठी वाचकाला येथे एक गोष्ट खटकावी: ग्रेगॉरची खोली. कर्जबाजारी घरात मुलाला स्वतंत्र खोली, तिला तीन दारे, आणि ती आतून कुलूपबंद! परळच्या चाळीत हा किडा रोज कुणाच्या तरी पायाखाली आला असता. दिंडोशीला मृणाल गोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या नागरी निवारा परिषदेने, १९७६ च्या कमाल जमीन धारणा कायद्याचा आधार घेऊन, सामान्य उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी वसाहत उभी केली. मुंबईत हक्काचे घर मिळणे हीच तेथे केवढी मोठी गोष्ट होती! अशा घरांत आईबाप, भावंडे आणि कमावता मुलगा यांच्यामध्ये फार तर एक पडदा असतो. येथे परात्मतेला दार लावून घेण्याची सोय नाही. ती जेवणाच्या पंगतीतच बसते. म्हणूनच की काय, आपल्याकडच्या कादंबरीतल्या परात्म मुलाला वसतिगृह लागते.

भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' १९६३ साली आली. कोसला म्हणजे किड्याने स्वतःभोवती विणलेले घर. नेमाड्यांनी काफ्का समोर ठेवून हे नाव दिले, असे आम्हांला सुचवायचे नाही. पण दोन्ही पुस्तके शेजारी ठेवली की खतावणीची दोन पाने समोरासमोर येतात. ग्रेगॉर कमावतो, घर खाते. पांडुरंग सांगवीकराचा बाप कमावतो आणि पोरगा पुण्यात उडवतो. मेसचा कारभार अंगावर घेऊन तो नुकसानीत जातो, नापास होतो, पदवी न घेता गावी परततो. ग्रेगॉरवर देणे फेडण्याचा भार, पांडुरंगावर न फेडल्याचा. परिणाम निराळा: साम्सांच्या घरातून निकामी झालेला कर्ता मोलकरणीच्या झाडूने बाहेर जातो, तर सांगवीचे घर निकामी पोराला परत आत घेते. यातले दुसरे अधिक दयाळू, असे म्हणण्याचा मोह होतो. पण पांडुरंगाचा गुदमरलेपणा त्या आत घेण्यातूनही येतो. ज्याच्याशी भांडायचे, त्याच्याच धान्यावर जगायचे.

'रूपांतर' पुस्तकरूपाने निघण्याआधी, १९१५ च्या ऑक्टोबरात, काफ्काने प्रकाशकाला निक्षून कळवले होते, की मुखपृष्ठावर किडा काढू नका, दुरूनही दाखवू नका. ओटोमार श्टार्कने काढलेल्या चित्रात तो नाही. घरचा झगा आणि सपाता घातलेला एक पुरुष दोन्ही हातांनी तोंड झाकून दारापासून दूर निघाला आहे. तो बाप की मुलगा, हे चित्रावरून कळत नाही. मागे दार अर्धवट उघडे आहे आणि आत अंधार.