हाकिमावर दावा
अलिबागचे आंग्र्यांचे राज्य १८४० साली खालसा झाले, किनाऱ्यावर कंपनीचा अंमल आला. दहाच वर्षांत कंपनी सरकारने न्यायाधीशाला दिवाणी दाव्यापासून अभय देणारा कायदा केला. अधिकारक्षेत्र ओलांडले तरी माफ. अट एकच, तो अधिकार आपल्याला आहे असे त्याने सद्भावनेने मानलेले असावे. वादीला शिरायला तेवढीच फट!

१९८४च्या कुटुंब न्यायालय कायद्यात वकील हा पक्षकाराचा हक्क राहिला नाही. नवरा-बायकोने आपले आपणच बोलावे. पुढच्याच वर्षीच्या न्यायाधीश संरक्षण कायद्याने फौजदारी कारवाईही अडवली, आणि सद्भावनेची अट त्यात नाहीच. सरकार किंवा उच्च न्यायालय कारवाई करू शकते. मुलाचा ताबा गमावलेल्या आईला मात्र अपील तेवढे उरते. त्यासाठी मांडव्याहून लाँच धरून मुंबई गाठायची.