वसईच्या हुतात्म्याची रंगविलेली मूर्ति

चिमाजी अप्पांनीं १७३९ सालीं वसईचा किल्ला सर केला, हें शाळकरी मुलांसहि ठाऊक असतें. परंतु पुढें अवघ्या सहा वर्षांनीं, अटलांटिक महासागरापलीकडे ब्राझीलमधील रेसीफे नगरांत, एका वसईकराच्या मूर्तीचा मोठ्या थाटाचा उत्सव झाला, हें फारच थोड्यांच्या कानीं आलेलें असतें.

गोन्सालो गार्सिया हा तो वसईकर. बाप पोर्तुगीज, आई इकडचीच. जेझुइटांच्या हाताखालीं शिकून तो जपानांत गेला, तेथील भाषा त्यानें आत्मसात् केली, कांहीं काळ व्यापार केला आणि अखेर मनिला येथें फ्रान्सिस्कन संघांत साधा बंधु म्हणून शिरला. १५९३ मध्यें जपानास गेलेल्या फ्रान्सिस्कनांचा दुभाषा तोच. हिदेयोशीच्या हुकुमानें ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें सव्वीस जणांस क्रुसावर बांधून भाल्यांनीं भोसकण्यांत आलें, त्यांत तोहि होता. १६२७ त पोपनें त्याची 'धन्य' पुरुषांत गणना केली.

ब्राझीलमध्यें मिश्र रक्ताच्या लोकांस 'पार्दो' म्हणत. गोऱ्यांच्या बरोबरीचा मान त्यांना नव्हता. आपल्या वर्णाचा संत ही त्यांची मोठी उणीव. ती या वसईकरानें भरून काढली. पण त्याची आई तर हिंदी, आफ्रिकेंतली नव्हे. मग हा पार्दो कसा, असा आक्षेप निघाला. १७४५ च्या उत्सवांत जाबोआतांव या फ्रान्सिस्कन पंडितानें पार्दोंच्या लिव्रामेंतो चर्चमध्यें प्रवचन करून त्याचें खंडन केलें. तें १७५१ त छापलेंहि गेलें.

आतां अशा मूर्तींविषयीं. तिकडील 'सेद्रो' हें लांकूड कडुनिंबाच्याच कुळांतलें. हलकें आणि कोरण्यास सोपें. कोरून झाल्यावर त्यावर सरसांत कालविलेल्या पांढऱ्या मातीचे थर देत. वस्त्राच्या जागीं सोन्याचा वर्ख चढवून त्यावर रंग लावीत, आणि रंग ओला-सुका असतां टोंकदार काडीनें नक्षी खरवडीत, म्हणजे खालचें सोनें उघडें पडे. चेहरा व हात यांचा वर्ण निराळ्या कारागिरीचा. त्याला घोटून माणसाच्या कातडीची झांक आणीत. एरवीं ही केवळ रंगाऱ्याची बाब. येथें मात्र त्या एका छटेंत एका सबंध समाजाची अब्रू गुंतलेली होती!

पुढें पेनेदो येथेंहि पार्दोंनीं या हुतात्म्याच्या नांवें चर्च बांधलें. रोमनें त्याला संतपद दिलें तें मात्र १८६२ सालीं. रेसीफेच्या व्यासपीठावरून वसईचा गौरव होत होता, तेव्हां त्या किल्ल्यावर मराठ्यांचें निशाण होतें. आंतील जुनें जेझुइट चर्च आज गोन्सालोच्याच नांवानें ओळखलें जातें.