ट्रॅकबॉल : घरगुती आर्केड फलकावरील बसवणी

बैठकीत धरून ठेवलेला आणि तळहाताने किंवा बोटांनी जागच्या जागी फिरवता येणारा गोळा म्हणजे ट्रॅकबॉल. माउस हातासोबत सरकतो; ट्रॅकबॉलचे यंत्र मात्र स्थिर राहते, फिरतो तो फक्त गोळा. म्हणूनच व्हिडिओ गेमच्या पेटीवर, जिथे हात जोरात चालतो आणि माउस सरकवायला जागा नसते, तो सोयीचा ठरतो. घरी प्लाय किंवा सागवानाचा फलक करून त्यात जॉयस्टिक आणि बटणांच्या जोडीला ४० मिमी व्यासाचा छोटा ट्रॅकबॉल बसवण्याचे काम अवघड नाही, पण त्यात मिलिमीटरची चूक चालत नाही.

ट्रॅकबॉल माउसपेक्षा जुना आहे. ब्रिटिश नौदलाच्या रडारसाठी राल्फ बेंजामिन यांनी १९४६ मध्ये फिरत्या गोळ्याचे साधन तयार केले. युद्धनौकांचे काम असल्याने ते गुप्त राहिले. १९५२ मध्ये कॅनडाच्या नौदलासाठी झालेल्या ‘डेटार’ प्रकल्पात टॉम क्रॅन्स्टन, फ्रेड लाँगस्टाफ आणि केनियन टेलर यांनी चक्क तिथल्या बोलिंगचा चेंडू वापरला. गेमच्या यंत्रांत ट्रॅकबॉल लोकप्रिय केला तो ‘अटारी’ कंपनीने: ‘फुटबॉल’ (१९७८), ‘मिसाइल कमांड’ (१९८०), ‘सेंटिपीड’ (१९८१) आणि ‘मार्बल मॅडनेस’ (१९८४). हेच जुने खेळ संगणकावर चालवणारी ‘मेम’ ही प्रणाली १९९७ पासून उपलब्ध आहे आणि घरगुती फलक बहुधा तिच्यासाठीच केले जातात.

आर्केडचे प्रचलित गोळे ३ इंची किंवा सव्वादोन इंची असतात. सव्वादोन इंच म्हणजे ५७ मिमी, पूलच्या चेंडूएवढा. टेबलावर वापरायच्या ट्रॅकबॉलमधला गोळा ४० मिमीच्या आसपास, म्हणजे टेबल टेनिसच्या चेंडूएवढा असतो. हा फरक दिसतो त्याहून मोठा आहे. एकाच पदार्थाच्या दोन गोळ्यांचे फिरण्यातले जडत्व व्यासाच्या पाचव्या घाताप्रमाणे बदलते. त्या हिशेबाने ४० मिमीच्या गोळ्याचे जडत्व ५७ मिमीच्या गोळ्याच्या सुमारे एक षष्ठांश भरते. फटका मारून सोडलेला मोठा गोळा बराच वेळ फिरत राहतो, छोटा लवकर थांबतो. ‘सेंटिपीड’सारख्या बारीक हालचालींच्या खेळात हे खटकत नाही. गोल्फसारख्या, झटका देऊन खेळायच्या खेळांना मात्र मोठाच गोळा हवा.

आतली रचना दोन प्रकारची असते. जुन्या पद्धतीत गोळा एकमेकांशी काटकोनात असलेल्या दोन रुळांवर आणि तिसऱ्या आधाराच्या बेअरिंगवर टेकतो. रुळाच्या टोकाला फटी पाडलेली चकती असते. तिच्या दोन्ही बाजूंना अवरक्त दिवा आणि ग्राहक असतात. दर दिशेला असे दोन संकेत थोड्या अंतराने निर्माण होतात आणि कोणता आधी आला यावरून फिरण्याची दिशा कळते. दोन दिशांचे चार संकेत, शिवाय ५ व्होल्ट आणि ग्राउंड, अशा सहा तारा बाहेर येतात. नव्या प्रकारात गोळा तीन बारीक कठीण मण्यांवर टेकतो आणि खालचा प्रकाशीय संवेदक त्याच्या पृष्ठभागावरचे ठिपके पाहून हालचाल ओळखतो. या दुसऱ्या प्रकारात गोळ्याला वरून धरून ठेवते ते केवळ यंत्राचे झाकण. झाकण काढून यंत्र फलकाखाली लावले की ते काम फलकातल्या छिद्राला करावे लागते. बसवणीचा खरा प्रश्न इथे सुरू होतो.

समजा, ४० मिमीच्या गोळ्याचा १२ मिमी भाग वर ठेवायचा आहे. फलकाच्या पृष्ठपातळीवर गोळ्याचा छेद ३६.७ मिमी रुंद असतो. पण तिथून खाली तो रुंदावत जातो: २ मिमी खाली ३८.२ मिमी, ३ मिमी खाली ३८.७ मिमी, ८ मिमी खाली पूर्ण ४०. म्हणजे १८ मिमी जाडीच्या प्लायमध्ये सरळ भोक पाडून काम होणारच नाही. गोळा वर येईल इतके मोठे भोक पाडले, तर फलक उलटा होताच तो घरंगळून बाहेर पडेल. उपाय असा: फलकात यंत्र मावेल एवढी चौकोनी खिडकी कापायची, तिच्या काठाला वरून २ मिमीची खाच घ्यायची आणि त्यात २ मिमी अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा समतल बसवायचा. पत्र्यातले छिद्र ३९ मिमी ठेवले की खालच्या कडेलाही चहूबाजूंनी ०.४ मिमी मोकळीक राहते आणि गोळा बाहेर पडू शकत नाही. ३८ मिमीचे होल सॉ सहज मिळते. उरलेला मिलिमीटर अर्धगोल कानशीने वाढवावा आणि वरची कड पॉलिश पेपरने मऊ करावी, नाहीतर तळहात सोलतो. ३ मिमी अ‍ॅक्रिलिक वापरल्यास खालची कड तिरकी घासणे भाग आहे. फलकावर १ मिमी सनमायका चिकटवायचा असेल तर तो आधीच हिशेबात धरावा. अनेक फलक याच एका मिलिमीटरने बिघडतात. चाचपणीसाठी टेबल टेनिसचा चेंडू उपयोगी पडतो, मात्र नवे प्लास्टिकचे चेंडू ४० पेक्षा किंचित मोठे असू शकतात.

उंची अचूक साधण्यासाठी यंत्र थेट फलकाला जखडू नये. त्याचा खालचा भाग एका छोट्या प्लायच्या फळीवर बसवावा आणि ती फळी फलकाखाली तीन बोल्टांवर टांगावी. चौथा बोल्ट नको. तिपाई डुगडुगत नाही, चौपाई डुगडुगते. ४ मिमीच्या बोल्टचे आटे ०.७ मिमी अंतरावर असतात, म्हणजे नट अर्धा फिरवला की फळी ०.३५ मिमी वर किंवा खाली जाते. गोळा छिद्राच्या कडेला कुठेही न घासता फिरेपर्यंत तिन्ही नट जुळवावेत आणि मग दुसरे नट लावून पक्के करावेत.

लाकडाची निवड हवामानावर ठरते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या चिमूरसारख्या ठिकाणी, जिथे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि त्यानंतर भातशेतीचा ओला पावसाळा येतो, तिथे एमडीएफ टाळणेच बरे. ओल लागली की तो जाडीत फुगतो. प्लायचे थर एकमेकांना आडवे असल्याने तो फारसा हलत नाही. अखंड फळीच हवी असेल तर सागवानाइतके भरवशाचे दुसरे लाकूड नाही, आणि चंद्रपूर-गडचिरोली ही त्याचीच भूमी: आलापल्लीचे जंगल आणि बल्लारपूरचा सागवान डेपो याच पट्ट्यात आहेत. अयोध्येच्या राममंदिरासाठी २०२३ मध्ये इथूनच सागवान गेले. तरीही फळी रेषांच्या आडव्या दिशेने थोडी हलतेच. म्हणून पत्र्याच्या स्क्रूची छिद्रे त्या दिशेने किंचित लांबट ठेवावीत.

जागा ठरवताना गोळ्याच्या पुढे मनगट टेकायला आणि मागे हात जायला मोकळीक हवी. जॉयस्टिकला बोटे आपटतात हा नेहमीचा दोष. यंत्र फलकाच्या कडेशी काटकोनात ठेवावे. ते जितके तिरपे बसेल, तितका पडद्यावरचा नेमही तिरपा जातो. यूएसबी ट्रॅकबॉल संगणकाला माउस म्हणूनच दिसतो. मेममध्ये माउस चालू करावा आणि संवेदनशीलता खेळागणिक ठरवावी. कार्यप्रणालीतला वेगवर्धक बंद ठेवावा, कारण तो गोळ्याच्या आणि नेमाच्या हालचालीचे प्रमाण बिघडवतो. मूळ यंत्राच्या क्लिकच्या खटक्यांना समांतर तारा सोल्डर करून त्या फलकावरच्या ३० मिमी बटणांना जोडता येतात. सहा तारांच्या रूळवाल्या गोळ्याला संकेत माउसमध्ये बदलणारी पट्टी लागते. यूएसबी माउस म्हणून वागू शकणारी आर्डुइनो लिओनार्डो पट्टी त्यासाठी पुरते.

देखभाल थोडी, पण नियमित करावी लागते. हाताचा तेलकटपणा आणि धूळ मिळून रुळांवर किंवा मण्यांवर काळी पुटे चढतात. रूळवाल्या गोळ्यात नेम एकाच दिशेला अडखळत असेल तर त्या दिशेचा रूळ मळलेला असतो. तिन्ही नट सोडून फळी खाली घ्यावी, आधार स्पिरिटने पुसावेत, गोळा साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडा करावा. बेअरिंगमध्ये घट्ट तेल घालू नये. गोळा जड फिरतो म्हणून कॅरमची पावडर टाकणे तर सर्वांत वाईट. ती संवेदकाच्या भिंगावर आणि चकतीच्या फटींत बसते.