दंड, डौला आणि मोजपट्टी

चंदीगडास बदली होऊन आलो, त्या पहिल्याच आठवड्यात कचेरीतील एका पंजाबी सहकाऱ्याने आम्हांस विचारले, "कभी डंड मारे हैं?" आम्ही बुचकळ्यात पडलो. मराठी माणसाचा दंड म्हणजे खांद्याखालचा आणि कोपरावरचा हाताचा भाग. तो मारायचा कसा? फार तर थोपटता येईल, आणि तोही समोर कोणी झुंजीला उभा असेल तर! पुढे उलगडा झाला. आपण ज्याला जोर म्हणतो त्याला इकडे डंड म्हणतात, आणि आपण ज्याला दंड म्हणतो त्याला डौला. आपला अवयव तो इकडचा व्यायाम. आणि आपला व्यायाम जो जोर, तो इकडे नुसती शक्ती.

हाताच्या स्नायूला नाव देताना माणसाला लहानसा जिवंत प्राणी आठवावा, हेही मौजेचे आहे. कोपर दुमडले की दंडावर जो गोळा उसळतो, त्याला आपल्याकडे बेटकुळी म्हणतात. त्या शब्दात बेडकी लपलेली आहे. लॅटिन भाषेत स्नायूला जो शब्द आहे त्याचा मूळ अर्थ छोटा उंदीर. कातडीखाली काहीतरी हलते, उडी घेते, एवढेच त्या शब्दकर्त्यांनी पाहिले. त्याचा घेर किती, हे विचारावे असे त्यांना वाटले नसावे.

आम्हांला तो विचारला गेला. तिशी उलटल्यावर, दर तीन वर्षांनी बदलीच्या वेळी ट्रंका उचलताना पाठ आणि खांदे कुरकुरू लागले, तेव्हा आम्ही सेक्टरातल्या एका जिममध्ये नाव घातले. तेथील तरुण शिक्षकाने नमस्कार होताच खिशातून मोजपट्टी काढली, आमच्या दंडाभोवती गुंडाळली, आणि वहीत लिहिले : साडेबारा इंच. शेजारच्या रकान्यात त्याने लिहिले : ध्येय, पंधरा. आम्ही जन्माचे कारकून. रकाना दिसला की तो प्रथम कोणी आखला, हा प्रश्न आमच्या मनात आपोआप उभा राहतो. माणसाचा दंड मोजण्याची ही रीत केव्हा सुरू झाली? त्याआधी बळाची नोंद कशी ठेवीत असत?

आधीची नोंद होती ती उचललेल्या वस्तूची. महाराष्ट्रातील कितीतरी गावांत देवळापुढे वा तालमीच्या अंगणात दगडी गोटी पडलेली असे. ती ज्याने खांद्यावर घेतली त्याचे नाव गावाच्या तोंडी राही. जेजुरीच्या गडावर दसऱ्याच्या उत्सवात आजही सुमारे ४२ किलोंचा खंडा उचलण्याची स्पर्धा होते. पसरलेल्या हातावर तो कोणी किती वेळ तोलून धरला, हे लोक लक्षात ठेवतात. धरणाऱ्याच्या दंडाचा घेर कोणी विचारीत नाही.

या रीतीचे दोन ठळक साक्षीदार दोन टोकांना आहेत, आणि दोन्ही एकाच माणसाचे आहेत. एक आहे बडोद्यास, मराठी राज्यकर्त्यांच्या राजधानीत. दुसरा आमच्यापासून सत्तरेक किलोमीटरांवर, पतियाळ्यास. बडोद्याच्या सयाजीबागेतील संग्रहालयात एक शिळा आहे. १९०२ साली गामा पहिलवानाने ती उचलली, असे सांगतात. तिचे वजन १२०० किलो सांगितले जाते. आमच्या हिशेबी मनाला तो आकडा जड जातो, पण दगड जड होता याविषयी दुमत नाही. पतियाळ्याच्या मोतीबाग राजवाड्यात १९६१ पासून राष्ट्रीय क्रीडा संस्था आहे. तेथील संग्रहालयात सुमारे ९५ किलोंचे एक कडे ठेवलेले आहे. गामा ते गळ्यात घालून बैठका मारीत असे. याच पतियाळ्यास महाराजा भूपिंदरसिंग यांच्या आश्रयाखाली १९२८ मध्ये त्याची पोलंडच्या झिबिस्कोशी कुस्ती झाली, आणि ती एका मिनिटाच्या आत निकालात निघाली. गामाची स्मृती म्हणून जग काय दाखविते? शिळा, कडे आणि चीत झालेला प्रतिस्पर्धी.

म्हणजे जुन्या तालमीत दंड भरत नसत, असे मात्र नव्हे. उत्तम भरत. सामान्य समजूत अशी की दंड म्हणजे बेटकुळी. वस्तुतः दंडाचा अधिक मोठा भाग मागच्या बाजूच्या त्रिशिर स्नायूचा असतो, आणि कोपर सरळ करताना, म्हणजे जोर मारताना, तोच राबतो. जोरांनी मागची बाजू भरे. मल्लखांबाच्या पकडीने आणि दोर चढण्याने पुढची बेटकुळी. मुद्गलांची जोडी फिरविताना खांदा, मनगट आणि मूठ यांना एकाच वेळी काम पडे. हलकी जोडी सुटली की भारी जोडी, तिच्यापुढे करेला, मग गदा, असा चढता क्रम होता. क्रमाक्रमाने वजन वाढविल्यावाचून स्नायू वाढत नाही, हे तत्त्व दुसऱ्या महायुद्धातील जखमी सैनिकांवर उपचार करताना डॉ. डिलॉर्म या अमेरिकन वैद्याने १९४५ मध्ये शास्त्रीय रीतीने मांडले. तालमीतील वस्तादाने ते मांडले नव्हते. त्याने मुद्गल एकाशेजारी एक मांडून ठेवले होते.

अशीच एक जोडी आमच्या साताऱ्याकडील घरात आहे. आजोबांची. बाभळीचे लाकूड, मुठीपाशी घामाने काळे पडलेले. आम्ही लहानपणी तिचा उपयोग वाऱ्याने आपटणारे दार रोखून धरण्यासाठी होताना पाहिला. परवा वडिलांचा फोन आला. घराची डागडुजी काढली आहे, सामान कमी करायचे आहे. "जोडी ठेवायची, का देऊन टाकायची?" त्यांनी विचारले. आम्ही म्हटले, "कळवतो." सरकारी माणसाचे हे हमखास उत्तर.

हे मुद्गल मोठे प्रवासी. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांनी ते हिंदुस्थानात पाहिले आणि आपल्या देशी नेले. १८३४ साली डोनाल्ड वॉकर याने आपल्या व्यायामविषयक पुस्तकात त्यांना जागा दिली. १८६६ मध्ये अमेरिकेत सायमन केहो याने केवळ त्यांच्यावर ग्रंथ लिहिला. १९०४ आणि १९३२ च्या ऑलिंपिक सामन्यांत मुद्गल फिरविण्याची स्पर्धाही झाली. तिकडे त्यांचे नाव इंडियन क्लब. त्याच नावाने, हलके आणि गुळगुळीत होऊन, ते शाळांच्या कवायतीत आपल्याकडे परत आले. आणि आपल्याच मुलांनी ते विलायती म्हणून हाती धरले.

मोजपट्टी आली ती मात्र अस्सल पश्चिमेकडून. तिला लोकप्रिय करणाऱ्यांत अग्रणी होता यूजेन सँडो. त्याच्याआधीचे बलवान पुरुष साखळ्या तोडून दाखवीत. सँडोने स्वतःचा देह दाखविला. छायाचित्रणाची कला त्याच्या मदतीस होती. १८९७ च्या त्याच्या पुस्तकात डंबेल्सचे व्यायाम होते, आणि शिष्यांच्या शरीराची मापेही होती. अमुक महिन्यांत दंड इतका वाढला, छाती इतकी वाढली. १९०१ साली लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्याने देहसौष्ठवाची मोठी स्पर्धा भरविली. १९०४-०५ च्या सुमारास तो हिंदुस्थानात आला आणि त्याच्या खेळांना गर्दी लोटली. पुढे सँडो हे नाव आपल्या भाषेत इतके मुरले, की गल्लीतल्या धट्ट्याकट्ट्या पोरालाही कोणी सहज 'सँडो' म्हणून हाक मारी, आणि बाह्या नसलेल्या गंजीफ्रॉकला तर ते आजवर चिकटलेले आहे.

ही गर्दी नुसत्या कौतुकाची नव्हती. १८७८ च्या कायद्याने लोकांच्या हातची शस्त्रे गेली होती. हात तेवढे राहिले होते. त्यातच सरकारने कोणाचे हात बळकट मानावयाचे, याची यादी केली होती. सत्तावन्ननंतर लष्करभरतीचा ओघ उत्तरेकडे, विशेषतः पंजाबकडे वळला. १८८५ ते १८९३ या काळात सरसेनापती असलेल्या रॉबर्ट्स यांना मुंबई व मद्रासकडील शिपाई कमी प्रतीचे वाटत. मुंबईच्या फौजेत पिढ्यान् पिढ्या इमानाने लढलेल्या महार समाजाची भरती १८९० नंतरच्या काही वर्षांत बंद झाली. नंतर १९४१ साली, महायुद्धाची निकड लागल्यावर, बेळगावास महार रेजिमेंट उभी राहिली. मधल्या अर्धशतकात त्या लोकांच्या दंडांत काय बदल झाला होता? काहीच नाही. बदलला तो वहीतला शेरा. ज्यांचे आयुष्य शेरे लिहिण्यात जाते, अशा आपणांस हे उदाहरण विसरता येऊ नये.

या अपमानाला मराठी माणसांनी दिलेले उत्तर आम्हांला सँडोच्या मापांहून मोलाचे वाटते. बडोद्यास जुम्मादादा या मुसलमान उस्तादाच्या आखाड्याची धुरा त्यांचे शिष्य प्रोफेसर माणिकराव यांनी वाहिली. गुरूचे नाव त्यांनी संस्थेस ठेवले आणि व्यायाम एकट्यादुकट्याच्या हौसेतून बाहेर काढला. शेकडो मुलांनी एका आज्ञेसरशी, देशी शब्दांच्या आज्ञेसरशी, सामुदायिक व्यायाम करावा, ही त्यांची शिकवण. लोणावळ्याच्या कैवल्यधामाचे संस्थापक स्वामी कुवलयानंद हे तरुणपणी याच आखाड्यात घडले. अमरावतीस १९१४ साली वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापिले. १९३६ मध्ये तेथील पथकाने बर्लिनमध्ये जगापुढे भारतीय खेळ करून दाखविले. पुण्यास कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी १९२४ साली महाराष्ट्रीय मंडळ सुरू केले.

आणि याच बडोद्यात द. चिं. करंदीकर-मुजुमदार यांनी १९३६ ते १९४९ या काळात व्यायामज्ञानकोशाचे १० खंड मराठीत सिद्ध केले. महायुद्ध आले, स्वातंत्र्य आले, आणि हा गृहस्थ जोर, जोडी, मल्लखांब, कुस्तीचे पेच यांची नोंद करीत बसला होता! हीही वहीच, पण हिच्यात प्रश्न वेगळा आहे. माणूस किती इंच, असे ती विचारीत नाही. हा व्यायाम कसा करावा आणि पुढच्याला कसा शिकवावा, हे ती सांगते. एक वही माणसाला तोलते, दुसरी त्याच्या हाती काही देते. नोंद ठेवण्याच्या या दोन रीतींमधील अंतर आम्हांस कचेरीत जितके लवकर कळावयास हवे होते तितके कळले नाही, हे येथे कबूल करतो.

जिमला आम्ही नावे ठेवीत आहोत, असे कोणी समजू नये. डंबेल ही निर्दोष वस्तू आहे. तिचे वजन ठाऊक असते, ते थोडेथोडे वाढविता येते, आणि जागाही थोडी लागते. आमचा तरुण शिक्षक मन लावून शिकवितो. आठ महिन्यांत आमच्या वहीत साडेतेराचा आकडा चढला आणि ट्रंक उचलताना पाठीने तक्रार केली नाही. खंत एवढीच, की आरशासमोर आम्ही वीस जण रोज उभे असतो आणि कोणी कोणाच्या जोडीला नसतो. तालमीत जोडीदारावाचून लढत होत नसे, आणि मातीही सर्वांनी मिळून उकरावी लागे.

चंदीगडाला मोजपट्टीची एक गोष्ट आहे. हे शहर आखणाऱ्या ल कॉर्बूझिए याने स्वतःचे एक मोजमाप बसविले होते, मोड्युलर नावाचे. त्याचा आधार म्हणजे १.८३ मीटर उंचीचा, एक हात वर केलेला पुरुष. वर केलेल्या हातापर्यंत २.२६ मीटर. त्या मापाची पट्टी तो वर्षानुवर्षे खिशात बाळगीत असे. १९५१ च्या मार्चमध्ये, येथे अजून शेते होती तेव्हा, जीपमधून हिंडताना ती पट्टी पडली आणि या मातीत हरवली. त्याने दुःख केले नाही. ती आता या शहराच्या जमिनीत मिसळून गेली, असेच त्याने पुढे लिहिले.

आम्हांला ही गोष्ट आवडते. पट्टी कामाला आली, आणि काम सुरू झाल्यावर मातीत गेली.

वडिलांना आम्ही कळविले आहे की जोडी देऊ नये. दिवाळीच्या रजेत येऊ तेव्हा बरोबर घेऊन येऊ. साताऱ्याहून पुणे, पुण्याहून दिल्ली, दिल्लीहून चंदीगड. दोन ठिकाणी गाडी बदलावी लागेल, आणि हमाल करावयाचा नाही असे ठरविले आहे. आजोबांचे दोन मुद्गल दोन हातांत धरून दिल्लीचा पूल चढून उतरता आला, तर त्या दिवशी दंडाचा घेर किती होता, हे वहीत लिहिले नाही तरी चालेल.