परिचित कथाविश्व आणि नवे आख्यान : मालवण किनाऱ्यावरील दशावतार व भूमिकाप्रधान व्हिडिओ गेम यांचा तौलनिक विचार

प्रस्तावना

मालवण तालुक्यातील आचरा हे गाव श्री देव रामेश्वराच्या गावपळणीसाठी सर्वत्र परिचित आहे. देवाचा कौल मिळाला की संपूर्ण गाव गुराढोरांसह वेशीबाहेर पडतो, तीन दिवस व तीन रात्री राहुट्यांमध्ये काढतो आणि पुन्हा कौल घेऊन परततो. या काळात कोणी कसे वागावे हे कोणाला सांगावे लागत नाही. गावपळण ही श्रद्धेची बाब असून तिची गणना खेळात करणे उचित होणार नाही. तथापि सर्वांना आधीच ठाऊक असलेली चौकट समूहाकडून किती सहजतेने कृती घडवून आणते, हे तिच्यावरून ध्यानात येते. हेच सामर्थ्य या किनाऱ्यावरील दशावतारी रंगभूमीच्या मुळाशी आहे.

खेळणारा स्वतः एखाद्या पात्राची भूमिका घेऊन कथेत वावरतो अशा भूमिकाप्रधान व्हिडिओ गेमांच्या संदर्भात एक वाद नेहमी उपस्थित होतो. निर्मात्याने प्रस्थापित कथाविश्व स्वीकारावे की स्वतःचे नवे विश्व निर्माण करावे? सामान्यतः या वादात नव्याला सर्जनशील व जुन्याला अनुकरणशील ठरविले जाते. दशावताराचा इतिहास पाहता ही विभागणी अपुरी वाटते. कथाविश्वाचे ज्ञान कोणाजवळ असते आणि त्यात भर घालण्याचा अधिकार कोणाला असतो, हे दोन प्रश्न अधिक मूलगामी आहेत, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

संहितेविना उभे राहणारे नाटक

आडिवरे येथील श्यामजी नाईक काळे यांनी इ. स. १७२८ मध्ये दशावतार कोकणात आणला, अशी परंपरागत धारणा आहे. परंतु सतराव्या शतकातील ‘दासबोधा’त समर्थ रामदासांनी दशावतारी खेळाचा उल्लेख केलेला आहे. तेव्हा या नावाचा खेळ महाराष्ट्रात त्यापूर्वीच ज्ञात होता. श्यामजी नाईकांचे श्रेय प्रवर्तकाचे मानण्यापेक्षा प्रसारकाचे मानणे अधिक सयुक्तिक ठरेल.

दशावताराचे पूर्वरंग व उत्तररंग असे दोन भाग पडतात. पूर्वरंगात गणपती, ऋद्धिसिद्धी, सरस्वती, ब्रह्मदेव व वेद पळविणारा संकासुर यांचे प्रवेश होतात. उत्तररंगात पुराणातील एखादे आख्यान सादर केले जाते. या आख्यानाला लिखित संहिता नसते. प्रयोगापूर्वी कथानकाचा आराखडा ठरतो, भूमिकांची वाटणी होते आणि नट रंगभूमीवर येऊन संवाद उत्स्फूर्तपणे रचतो. राजपार्ट करणारा नट संस्कृतप्रचुर मराठीत बोलतो, तर संकासुर मालवणीत गावातील ताज्या घडामोडींवरही टिप्पणी करतो. नेपथ्य म्हणून बहुधा एक बाकडे पुरते. तेच सिंहासन होते, तेच पर्वतही होते.

ही उत्स्फूर्तता शक्य होते ती प्रेक्षकांच्या पूर्वज्ञानामुळे. दुर्योधन कोण, त्याचा भीमाशी वैरभाव का, हे जत्रेला आलेल्या प्रेक्षकाला सांगावे लागत नाही. परिचय करून देण्याचे काम उरत नसल्याने नटाची सारी प्रतिभा वादविवादात, विनोदात आणि भावनेच्या उत्कर्षात खर्च होते. येथे प्रस्थापित कथाविश्वामुळे नटाचे स्वातंत्र्य वाढते. हे स्वातंत्र्य अमर्याद मात्र नसते, कारण नट चुकला तर जाणता प्रेक्षक ते तत्काळ ओळखतो.

संहितेची आवश्यकता

मराठी रंगभूमीच्या इतिहासातून या निरीक्षणास पुष्टी मिळते. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगली येथे ‘सीतास्वयंवर’ सादर केले. त्यांच्या पौराणिक नाटकांत सूत्रधाराची पदे रचलेली असत, गद्य भाषणे मात्र नटांनी आयत्या वेळी करावयाची असत. पुढे विनायक जनार्दन कीर्तने यांचे ‘थोरले माधवराव पेशवे’ (१८६१) हे नाटक आले. विषय पुराणाबाहेर गेला आणि त्याचबरोबर संवाद लिहून काढलेले नाटक मराठीत रूढ होऊ लागले. या स्थित्यंतरामागे इंग्रजी नाटकांचा परिचय, मुद्रणकला व नवशिक्षित वर्ग ही कारणेही होतीच. परंतु ज्या विश्वाचे तपशील प्रेक्षकाच्या स्मरणात नाहीत ते नाटककारानेच पुरवावे लागतात, हेही कारण दुर्लक्षिण्याजोगे नाही.

काल्पनिक आख्यानाचा मध्यममार्ग

सिंधुदुर्गातील नाट्यमंडळांनी या दोहोंमधून एक वाट काढली. पुराणांत नसलेली कथानके रचून ती पौराणिक चौकटीत बसविण्याची प्रथा रूढ झाली. अशा ‘काल्पनिक’ आख्यानांत राजा, राजकन्या व राक्षस हे नवे असतात. देव, शाप, वर, तपश्चर्या व त्यांचे परिणाम यांचे नियम मात्र जुनेच राहतात. त्यामुळे अपरिचित राजाला शाप मिळताच पुढे उःशापाचा शोध सुरू होणार, हे प्रेक्षक जाणतो. कथा नवी असली तरी तिचे व्याकरण जुने असते, आणि म्हणूनच संहितेविना प्रयोग उभा राहू शकतो.

व्हिडिओ गेमांतील समांतर प्रवाह

भूमिकाप्रधान व्हिडिओ गेमांची परंपरा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ (१९७४) या टेबलावर बसून खेळावयाच्या खेळापासून सुरू होते. त्यातही एक सूत्रधार व उत्स्फूर्तपणे बोलणारे खेळाडू असतात. या खेळासाठी एड ग्रीनवुड यांचे ‘फरगॉटन रिअल्म्स’ हे कथाविश्व १९८७ मध्ये प्रकाशित झाले आणि त्यावर बायोवेअर या कॅनेडियन संस्थेने ‘बाल्डर्स गेट’ (१९९८) हा गेम बेतला. याच संस्थेने ‘स्टार वॉर्स’च्या विश्वातील ‘नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक’ (२००३) तयार करताना चित्रपटांच्या सुमारे चार हजार वर्षे आधीचा काळ निवडला. विश्वाचे नियम परिचित, पण पात्रे व घटना नव्या, अशी ही योजना होती. काल्पनिक आख्यानाची युक्ती याहून वेगळी नाही.

त्यानंतर बायोवेअरने ‘मास इफेक्ट’ (२००७) व ‘ड्रॅगन एज : ओरिजिन्स’ (२००९) या गेमांसाठी स्वतःची विश्वे निर्माण केली. या दोन्ही गेमांत वंश, राज्ये, धर्म व इतिहास यांची माहिती देणारा विस्तृत कोश अंतर्भूत करावा लागला. नव्या विश्वाला स्वतःचे पुराण स्वतःच लिहावे लागते. कीर्तन्यांच्या काळी संवाद कागदावर आले, येथे संपूर्ण विश्वच कागदावर यावे लागले.

मालकीचा प्रश्न

दोन्ही परंपरांमधील महत्त्वाचा भेद मालकीचा आहे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या आरंभीच्या आवृत्तीत टॉल्कीन यांच्या साहित्यातील ‘हॉबिट’ हे नाव वापरलेले होते. हक्कधारकांच्या हरकतीनंतर त्या जागी ‘हाफलिंग’ आले. आजही प्रस्थापित विश्वावर गेम करावयाचा तर परवाना घ्यावा लागतो, आणि परवाना संपताच निर्माता त्या विश्वाबाहेर पडतो. स्वनिर्मित विश्वाच्या आग्रहामागे कलात्मक प्रेरणेइतकेच हे व्यावहारिक कारणही आहे. उलटपक्षी, नवे आख्यान रचणाऱ्या दशावतारी मंडळाला कोणाचाही परवाना लागत नाही. पुराणविश्व सामाईक आहे आणि त्याची राखण प्रेक्षक करतो.

या सामाईक संचिताचा व्हिडिओ गेमांतही उपयोग झाला आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ (२०२०) हा काटेकोर अर्थाने भूमिकाप्रधान गेम नसून साहसप्रधान गेम आहे. तरीही प्रस्तुत विषयासाठी तो उद्बोधक आहे. त्याची नायिका राजी ही कोणत्याही पुराणात नाही. असुरांनी पळविलेल्या भावाचा ती शोध घेते आणि तिची कथा दुर्गा व विष्णू यांच्या संवादातून उलगडते. नव्या कथेला जुन्या देवतांची साक्ष देण्याची ही रीत कोकणच्या जत्रेत बसलेल्या प्रेक्षकास अपरिचित वाटणार नाही.

निष्कर्ष

प्रस्थापित व स्वनिर्मित कथाविश्वांतील निवड ही प्रतिभेची कसोटी नव्हे. परिचित विश्व कथाकाराला स्पष्टीकरणाच्या भारातून मुक्त करते. नवे विश्व त्याला मालकाच्या बंधनातून सोडविते, पण स्पष्टीकरणाचा भार त्याच्यावर टाकते. सामाईक पुराणविश्वात हे दोन्ही लाभ एकत्र मिळतात. मात्र ते विश्व प्रेक्षकाच्या स्मरणात जिवंत असेल तोपर्यंतच हे शक्य आहे. ज्या दिवशी जत्रेतील प्रेक्षकाला दुर्योधनाचा परिचय करून द्यावा लागेल, त्या दिवशी दशावतारी नटालाही संहिता हाती घ्यावी लागेल. म्हणून या लोककलेच्या जतनाचा विचार करताना मंडळांना मिळणाऱ्या अनुदानापुरतेच न थांबता, आख्याने जाणणारा प्रेक्षक कसा घडेल याचाही विचार व्हावयास हवा. त्यातील काही वाटा महाविद्यालयीन मराठी व इतिहास विभागांनी उचलणे आवश्यक आहे.